प्रेम, क्रमांक तीन

मालकी सिद्ध करणारे दस्तऐवज जगात पुष्कळ आहेत, पण मराठी माणसाच्या दृष्टीने त्यातला निर्विवाद असा एकच, आणि तो म्हणजे स्टीलच्या भांड्यावर घातलेलं नाव. सातबाऱ्यावर हरकत घेता येते, मृत्युपत्र कोर्टात नेता येतं, लग्नसुद्धा दोन्ही पक्षांच्या सह्यांनी मोडता येतं. पातेल्याच्या काठाखाली एकदा ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलं, की ते पातेलं घासून, पोचे पडून, हरवूनही त्याच माणसाचं राहतं. (ते सध्या कोणाच्या स्वयंपाकघरात आहे, हा वेगळा प्रश्न आहे आणि सभ्य माणसं तो विचारत नाहीत.)

समुद्र ओलांडल्याने या तत्त्वाला काही बाधा येत नाही. टेक्ससमधल्या फ्रिस्को गावात प्रेअरी महाराष्ट्र मंडळ नावाची एक संस्था आहे. तिच्याकडे एक अध्यक्ष, चौदा समित्या, दोनशे बारा सभासद कुटुंबं आणि नऊ मोठी भांडी आहेत. यांपैकी प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर हजर असतात ती फक्त भांडी. त्यामुळे मंडळाच्या घटनेत भांड्यांना मानाचं स्थान आहे. नियम अकरा म्हणतो: ‘ज्या भांड्यावर ज्याचे नाव, ते भांडे त्याचे, आणि भांड्यात जे असेल तेही त्याचेच.’ नियमाचा उत्तरार्ध एका गुढीपाडव्याला उरलेल्या श्रीखंडावरून झालेल्या चर्चेनंतर घालण्यात आला. त्या चर्चेत भाग घेतलेली दोन कुटुंबं आता ह्यूस्टनला असतात.

याच मंडळाचे एक सभासद विनय टिपणीस. वय सत्तेचाळीस, मूळ गाव पुणे, व्यवसाय सॉफ्टवेअर. एकवीस वर्षांच्या नोकरीत विनयने अकरा प्रकल्पांवर मनापासून काम केलं. त्यांतले पाच रद्द झाले, तीन दुसऱ्या प्रकल्पांत विलीन झाले, एकाचं नाव बदलून तो दुसऱ्याने केला असं जाहीर झालं, एक गुरुवारी सुरू होऊन सोमवारी बंद पडला, आणि अकराव्यावर तो अजून काम करतो आहे. म्हणजे हातात धरून ‘ही मी केली’ असं म्हणता येईल अशी एकही वस्तू त्याच्या नावावर नव्हती. लोक याला करिअर म्हणतात, आणि विनयही चारचौघांत तसंच म्हणायचा, पण त्याला या गोष्टीचं खरोखर वाईट वाटायचं. त्याचं नाव असलेली एकच टिकाऊ वस्तू घरात होती: मुंजीत मामाने दिलेला स्टीलचा पेला, त्यावर ‘चि. विनय, १९८६’. पेला पुण्याहून जर्सी सिटीला आणि तिथून फ्रिस्कोला त्याच्याबरोबर आला होता. सध्या त्यात टूथब्रश असायचे.

अशा मनःस्थितीत माणूस एकतर मॅरेथॉन धावायला लागतो किंवा घरी बिअर करायला घेतो. विनयचे गुडघे लक्षात घेता त्याने बिअर निवडली. शिवाय अमेरिकन सरकार दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन बिअर स्वतःसाठी करू देतं, विकायची मात्र नाही. एवढी सवलत सरकारने आपल्याला दुसऱ्या कोणत्याच बाबतीत दिलेली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. बिअर सॉफ्टवेअरच्या अगदी उलट असते, असं तो म्हणायचा. दोन आठवड्यांत ती एकतर होते नाहीतर बिघडते, आणि कोणाचीही मीटिंग तिला अडवू शकत नाही. (हे त्याचं तेव्हाचं मत आहे.)

घरी बिअर करणाऱ्यांचा एक पंथ आहे, आणि त्या पंथात दुकानातून नवी कोरी भांडी आणणं कमीपणाचं समजतात. खरा साधक भंगारातून स्टील उचलतो. बंद पडलेल्या डेअरीचे कॅन, हॉस्पिटलातले ट्रे, सोड्याच्या टाक्या, एकाने तर कपडे धुण्याच्या मशीनचा आतला ड्रम वापरला होता आणि तो त्या ड्रमबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, अशी या पंथाची प्राथमिक परीक्षा. त्यामुळे विनय खिशात लोहचुंबक घेऊन हिंडू लागला. तो सत्यनारायणाला गेला, तरी प्रसादाच्या पातेल्याला आधी लोहचुंबक लावायचा आणि मग नमस्कार करायचा. यजमानांना ती पुण्याकडची काही पद्धत असावी असं वाटे.

मे महिन्यात जवळच्याच अर्विंग गावातलं एक दाक्षिणात्य उपाहारगृह बंद झालं. मागच्या दाराशी सामान काढून ठेवलं होतं, ज्याला हवं त्याने न्यावं. मोडका वेट ग्राइंडर आणि इडलीच्या चाळीस ताटल्या यांच्यामध्ये एक पिंप उभं होतं. साठ लिटरचं, जाड बुडाचं, वर रबराची रिंग असलेलं घट्ट झाकण. विनयने लोहचुंबक लावलं. ते सरळ खाली पडलं. काठाखाली रुंद चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर मार्करने इंग्रजीत लिहिलं होतं: सांबार, मंगळवार. चिकटपट्टीच्या डाव्या बाजूला ठिपक्यांची देवनागरी अक्षरं होती: प्रेम.

कुलूप लावणाऱ्या गृहस्थांना विनयने अदबीने विचारलं, “प्रेमजी?”

“ले जाओ, ले जाओ,” ते म्हणाले.

यावरून मालकांचं नाव प्रेम असल्याचं सिद्ध झालं. विनयला हा शुभशकुन वाटला. त्याने बिअरचं नावही ‘प्रेम’ ठेवलं आणि त्या रात्री जेवायच्या आधीच लेबलं छापली, अठ्ठेचाळीस. मुलगी केया सुट्टीवर घरी आली होती.

“बाबा, दॅट्स सो क्रिंज,” ती म्हणाली.

“पण झाल्यावर टेस्ट करशील ना?”

“आय’म नाइन्टीन, बाबा. इट्स इल्लीगल.”

“मग लेबल तरी नीट वाच.”

पिंपाची शुद्धी तीन वेळा झाली. एकदा सोडा घालून उकळून, एकदा व्हिनेगर घालून, आणि एकदा काहीच न घालता, केवळ मनाच्या समाधानासाठी. स्टीलने वर्षानुवर्षांचं सांबार तासाभरात विसरून टाकलं. रबराच्या रिंगेचं तसं नव्हतं. विनयने ती भिजवली, उकळली, फ्रिस्कोच्या उन्हात चार दिवस वाळवली, रोज नाकाशी धरली आणि पाचव्या दिवशी वास गेला असं ठरवून टाकलं. मग त्याने पिंपाला खालच्या बाजूला भोक पाडून नळ बसवला. मोड आणून वाळवलेलं जव गरम पाण्यात भिजत घातलं, ते पाणी कडवट फुलांबरोबर तासभर उकळलं, गार केलं, यीस्ट घातलं आणि झाकण लावलं. गराजमध्ये एकशे चार डिग्री फॅरनहाइट असल्यामुळे पिंप पाहुण्यांच्या खोलीत एसीखाली ठेवण्यात आलं. आजवर त्या खोलीत राहिलेल्या कोणत्याही पाहुण्याची इतकी चौकशी झाली नव्हती. विनय ऑफिसातून आला की आधी झाकणाला कान लावायचा. आत बुडबुड चाललेली असायची. आपलं काहीतरी पुढे सरकतं आहे ही भावना त्याला नवीन होती, आणि ती त्याला फार आवडली.

आता त्याची पत्नी शुभा. शुभा एका विमा कंपनीच्या नियमपालन विभागात होती. इतरांनी नियम पाळले की नाहीत हे पाहणं हा तिचा व्यवसाय होता आणि दुर्दैवाने छंदही. मंडळाची सेक्रेटरी तीच, आणि भांड्यांचं रजिस्टरही तिच्याच ताब्यात. चौदाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती चादरी काढायला पाहुण्यांच्या खोलीत गेली. उकळून उकळून आधीच सैल झालेली पिंपावरची चिकटपट्टी एसीच्या गार हवेने सुटून लोंबत होती. विनय बाहेर बाटल्या मोजत होता.

“विनय,” आतून आवाज आला, “हे प्रेम नाहीये.”

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य कधीतरी ऐकावं लागेल अशी त्याची तयारी होती, पण शनिवारी सकाळी नव्हती.

“काय झालं? मी काय केलं?”

“ये इकडे आणि वाच. प्रे. म. मं. क्रमांक तीन. प्रेअरी महाराष्ट्र मंडळ. हे आपलं पिंप आहे.”

झालं होतं ते असं. मंडळाचं पूर्ण नाव काठाखाली मावेना म्हणून पुण्याच्या कारागिराने आद्याक्षरं घातली आणि वरची रेघ एकच ओढली. अक्षरंच मुळात ठिपक्यांची. त्यात आद्याक्षरापुढचं टिंब कुठलं आणि अक्षरातलं कुठलं, हे घालणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्यात पुढचं ‘मं. क्र. ३’ सांबाराच्या चिकटपट्टीखाली. उरलं ते प्रेम. नऊ वर्षांपूर्वीच्या गणपतीत महाप्रसादाची आमटी करायला हे पिंप अर्विंगच्या त्या उपाहारगृहाला दिलं होतं. आमटी आली, ती दुसऱ्या भांड्यांतून. पिंप आलं नाही, आणि ते आणायची जबाबदारी ज्या समितीची होती ती समिती त्याच आठवड्यात कार्यकाल संपून विसर्जित झाली. (गणपतीबरोबर, असं तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं.)

रजिस्टरमध्ये क्रमांक तीनपुढे शेरा होता: ‘कांचनमावशींकडे होते.’ चूक शोधून काढावी असं यात काही नाही. मावशी तेव्हा भांडीप्रमुख होत्या, म्हणजे पिंप त्यांच्याकडे होतंच. पण ‘होते’ या शब्दात किती अर्थ भरता येतो, हे मंडळाने नऊ वर्षांत दाखवून दिलं. मावशींवर कोणी आरोप केला नाही. कोणी काही विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी त्यांना फुलांचा विभाग दिला, एवढंच. तेव्हापासून मावशी हॉलमध्ये आल्या की स्वयंपाकघराच्या दाराशी थांबत आणि तिथूनच हार मागत.

“शुभा, यार, आत्ता कोणाला सांगू नकोस,” विनय म्हणाला. “आधी बाटल्या भरतो, मग पिंप धुऊन नेऊन देतो. कोणाला काय कळतंय?”

“मी सेक्रेटरी आहे.”

“तू माझी बायको आहेस!”

“ते मी डिस्क्लोज करीन.”

आणि तिने केलं. मेल साडेनऊला गेली. विषय: ‘भांडे क्र. ३ सापडल्याबाबत, आणि त्यातील द्रवाबाबत’.

तातडीची सभा त्याच दुपारी झूमवर झाली. अध्यक्ष यतीन यांनी गंभीर चेहऱ्याने परिस्थिती मांडली. नियम अकरानुसार पिंप मंडळाचं असल्यामुळे त्यातली पंचेचाळीस लिटर बिअरही मंडळाचीच झाली होती. नियम सातनुसार मंडळाच्या कार्यक्रमात मद्य निषिद्ध होतं. (पार्किंग लॉट हा कार्यक्रम धरला जात नाही, असा खुलासा मागच्याच कार्यकारिणीने केलेला आहे.) तेव्हा या मालमत्तेचं करायचं काय? चार पर्याय पुढे आले. बिअर विकावी, तर ते अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही. प्यावी, तर ते मंडळाच्या घटनेत बसत नाही. ओतून द्यावी, तर मंडळाची कोणतीही वस्तू खराब असल्याच्या दाखल्याशिवाय नष्ट करता येत नाही. चौथा पर्याय, ज्याने केली त्याला ती देऊन टाकावी, हा विनयने स्वतः सुचवला. पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाला मंडळाची मालमत्ता देणं नियम एकोणिसाचा भंग ठरेल, अशी हरकत आली. हरकत सेक्रेटरींची होती. त्या विनयच्याच शेजारी, त्याच सोफ्यावर बसल्या होत्या.

मग तोडगा असा निघाला की बिअर खराब आहे का, हे आधी तपासावं. खराब असेल तर ओतता येईल. तपासायचं तर चव घ्यावी लागेल, आणि चव घेणं म्हणजे पिणं नव्हे, हे देवाला नैवेद्य दाखवण्यापूर्वी आमटीचं मीठ बघणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. तपासणी समितीसाठी स्वयंसेवक हवे होते. दिवाळीच्या पार्किंग ड्यूटीला चार माणसं मिळवायला यतीनला सात मेल कराव्या लागतात. इथे चार मिनिटांत एकतीस नावं आली. त्यांत दोन नावं अशी होती, जी मंडळ सोडल्याचं तीन वर्षांपूर्वीच जाहीर करून बसली होती. विनयला हितसंबंधांमुळे समितीत घेता येणार नव्हतं, आणि तपासणीच्या वेळी त्याने खोलीपासून दहा फूट लांब राहावं असंही ठरलं.

“पण मी ती केलीये,” विनय म्हणाला. तेव्हा तो म्यूटवर होता.

संध्याकाळी कांचनमावशी पिंप बघायला आल्या. वय चौऱ्याहत्तर, मूळ नागपूरच्या, आता मुलाकडे फ्रिस्कोत. मुलाने चपला काढेपर्यंत त्या आत पोचल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला नाही. काठाखालून बोट फिरवत गेल्या, आणि तीनच्या आकड्यावर आल्यावर बोट तिथेच ठेवून उभ्या राहिल्या.   शुभाने रजिस्टर उघडलं, त्यांच्यादेखत जुना शेरा खोडला, ‘सापडले’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

“काय करून राहिला होता रे तू यात?” मावशींनी विचारलं.

“बिअर, मावशी.”

“बरी झाली का?”

“अजून चाखली नाही. मला अलाउड नाहीये.”

“नऊ वर्षं मी फुलं निवडून राहिले बापा,” मावशी म्हणाल्या. “आता हे मी निवडीन. यतीनला सांग, समितीची अध्यक्ष मी.”

त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

समितीच्या एकूण पाच बैठका झाल्या. इतिवृत्तं मंडळाच्या दप्तरी आहेत. त्यांतला काही भाग इथे देणं उपयुक्त ठरेल. पहिली बैठक: ‘रंग समाधानकारक. फेस पुरेसा. खराब असल्याचा पुरावा नाही. तथापि नमुना अपुरा पडला.’ दुसरी: ‘मसाल्याची एक ओळखीची छटा जाणवते. कशाची ते आठवत नाही. पुन्हा पाहावे.’ तिसऱ्या बैठकीला तुलनात्मक अभ्यासासाठी चकली, खारे शेंगदाणे आणि कांदाभजी मागवण्यात आली. ती तळली विनयने, कारण स्वयंपाकघर खोलीपासून दहा फुटांहून लांब होतं. चौथी: ‘सदर छटेमुळे तीन सदस्यांना आपापल्या आईची आठवण झाली. एका सदस्याने आईस फोन लावला. भारतात पहाट असल्याने संभाषण त्रोटक.’ समिती एकतीसवरून अडतीसवर गेली. वाढीव सातांची नेमणूक पूर्वलक्षी प्रभावाने झाली.

विनय बैठकांच्या वेळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. दार बंद असायचं. आतून नळ सुटल्याचा आवाज यायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग कोणीतरी ‘वा’ म्हणायचं. तो ‘वा’ त्याने एकवीस वर्षं ऐकला नव्हता, आणि आता ऐकू येत होता तो दाराआडून, दुसऱ्याला मिळालेल्या पत्रासारखा. एकदा यतीन बाथरूमला जायला बाहेर आला, तेव्हा विनयने त्याला गाठलं.

“यतीन, निदान एवढं सांग. कशी झालीये?”

“विनय, यार, प्रोसेस चालू आहे,” यतीन कळवळून म्हणाला. “मी आत्ता काही कमेंट केली तर फाइंडिंग्ज कॉम्प्रोमाइज होतील.”

त्याच्या मिशीला फेस होता. विनय त्या फेसाकडे बघत राहिला. आपली बारावी गोष्टही आपल्या हातून गेली, असं त्याला वाटलं, आणि या वेळी त्याला खरंच रडू आलं. केया वरून खाली येत होती. ती दोन पायऱ्या वर थांबली, मग येऊन शेजारी बसली.

“इट सीम्स लाइक दे रिअली लाइक इट, बाबा,” ती म्हणाली.

पाचव्या बैठकीत नळातून हवा आली. समितीने पिंप तिरकं करून खात्री केली, मग दुसऱ्या बाजूने तिरकं केलं, आणि अहवाल लिहिला. ‘पेय खराब असल्याचे आढळले नाही. सबब ते नष्ट करता येणार नाही. तथापि ते शिल्लक नसल्याने नष्ट करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पिंपास नळ बसवलेला असल्याने ते यापुढे ताकासाठी वापरावे. भांडीप्रमुखपदी सौ. कांचनमावशी यांची फेरनिवड. जागा उपलब्ध करून दिल्याबद्दल श्री. विजय टिपणीस यांचे आभार.’ आपलं नाव विनय असल्याचं त्याने कळवलं नाही. त्यासाठी दुरुस्ती समिती नेमावी लागली असती.

राहता राहिली एक बाटली. शुभाने नियमाप्रमाणे पहिल्याच दिवशी राखीव नमुना काढून, सील करून, सही घालून फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवला होता. लेबल ‘प्रेम’चंच, त्यावर आडवं लिहिलेलं: मंडळाची मालमत्ता. विनयला ती रोज दूध काढताना दिसायची. त्याने तिला एकदाही हात लावला नाही. टिपणिसांच्या घरात सील कोणी तोडत नाही, आणि ही बाई सात वर्षं नमुना तसाच ठेवील, हेही त्याला माहीत होतं.

अहवाल मंजूर झाला त्या रविवारी, चहाच्या वेळेला, शुभाने बाटली काढून ओट्यावर ठेवली.

“फाइल क्लोज झाली,” ती म्हणाली. “राखीव नमुना डिस्पोज करायचाय.”

“सिंकमध्ये?” विनयने विचारलं. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

“नियम अकरा काय म्हणतो?”

“ज्या भांड्यावर ज्याचे नाव, ते भांडे त्याचे, आणि भांड्यात जे असेल तेही त्याचेच. पाठ आहे मला, शुभा. पाठ झालाय.”

“मग बाथरूममधून ब्रश काढ आणि पेला घेऊन ये.”

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढला. शुभाने पेला दोनदा घासला, पुसला, उजेडाकडे धरून ‘चि. विनय, १९८६’ हे स्वतः वाचून खात्री केली, मग सील तोडलं आणि बाटली पेल्यात ओतली. पेला काठोकाठ भरला. बाटलीच्या तळाशी थोडी उरली, ती तिने पेल्याकडे बघत धरून ठेवली.

“आता ही कोणाची?” तिने विचारलं.

विनयने पेला दोन्ही हातांनी उचलला. पहिल्या घोटाला त्याला जव लागलं, दुसऱ्याला कडवट फुलं, आणि तिसऱ्याला हिंग. मग कढीपत्ता. मग अगदी शेवटी, लांबून, शेवग्याची शेंग. रबराच्या रिंगेने नऊ वर्षांतलं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. अडतीस सुशिक्षित माणसांनी पाच बैठकांत पंचेचाळीस लिटर पिऊनही जी छटा ओळखली नव्हती, ती त्याने तीन घोटांत ओळखली, कारण त्याने ती रिंग चार दिवस नाकाशी धरली होती. त्याला इतका आनंद आयुष्यात क्वचितच झाला होता.

“ही मी केली,” तो मोठ्याने म्हणाला.

शुभाने त्याच्या हातातून पेला घेतला, एक घोट घेतला, आणि तपासणी करताना करते तसा चेहरा केला.

“विनय,” ती म्हणाली, “हे सांबार आहे.”

“मंगळवारचं,” विनय म्हणाला.

ती हसली. पेला तिने परत दिला नाही. पेल्यावर नाव त्याचं आहे, याची आठवण त्याने तिला करून दिली नाही.

या प्रकरणातून धडा घेऊन मंडळाने आता भांडेगणना हाती घेतली आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातली स्टीलची भांडी उलटी करून, त्यांपैकी किती भांड्यांवर दुसऱ्याचं नाव आहे, ते कळवायचं आहे. दोनशे बारांपैकी दोनशे आठ कुटुंबांनी अद्याप उत्तर दिलेलं नाही. तिघांनी घर बदलत असल्याचं कळवलं. टिपणिसांनी मात्र प्रामाणिकपणे माहिती दिली: भांडी एक्केचाळीस, दुसऱ्यांच्या नावाची एकोणीस.

तुम्ही या मंडळाचे सभासद नाही, त्यामुळे तुम्हाला निर्धास्त वाटत असेल. तुमच्याही स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, मागच्या रांगेत, एक डबा आहे. त्यावरचं नाव तुमचं नाही. कोणाचं आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या बाई भेटल्या की तुम्ही त्यांच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करता. त्यांनी तो चिवडा घालून दिला होता, त्याला सात वर्षं झाली. आता त्यात साखर असते. नियम अकरा लावला, तर गेली सात वर्षं तुम्ही त्यांच्या साखरेचा चहा पीत आहात.

डबा परत करायला तुमची ना कधीच नव्हती. रिकामा डबा परत करत नाहीत, आणि त्यात काय घालून द्यावं हे तेवढं सुचत नव्हतं. आता सुचलं नाही तरी चालेल, साखर घालूनच न्या. बाई दार उघडतील, डबा उलटा करून नाव बघतील, आणि म्हणतील, “अगंबाई, एवढी काय घाई होती!” तुमचा डबा त्यांच्या फळीवर दिसेल. तोही तुम्ही ओळखाल, आणि काही बोलणार नाही.